डावीकडची रेघ

दीड वर्षं मी रोज सकाळी दात घासताना एका माणसाचं वाईट चिंतलं. अगदी नेमाने, एक दिवस चुकवला नाही. त्याचं नाक चारचौघांत कापलं जावं आणि ते बघायला मी तिथे हजर असावं, एवढंच माझं मागणं होतं. आता म्हातारी झाले, तर पोरं म्हणतात, आई, सोड ना आता, किती वर्षं झाली. का म्हणून सोडू? माझं जळलंय, तुमचं नाही. तुम्ही खुशाल सोडा.

तो माणूस म्हणजे आमच्या ऑफिसचा मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ. सगळे त्याला डॉक्टर म्हणत. मीही डॉक्टरच म्हणते, नाव घेऊन तोंड कशाला विटाळू? युरोपातून आलेला, उंच, गोरापान, हिवाळ्यात गळ्याला रेशमी मफलर. अश्केलोनपासून बसने अर्ध्या तासावर तेलाच्या विहिरी होत्या, तिथे पत्र्याच्या बराकींत आमचं ऑफिस. मी बासष्ट साली तिथे लागले. मुंबईत फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलेलं, त्यावर फोर्टातल्या एका तेल कंपनीच्या ऑफिसात दोन वर्षं लॉग वाचायचं काम केलेलं. इथे, यहुद्यांच्या या नव्या देशात आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःला कोणीतरी समजत होते.

घरी थोरला भाऊ, वहिनी, त्यांची चार पोरं आणि मी, असे सातजण शिकूनमधल्या दोन खोल्यांत. शिकून म्हणजे सरकारने नव्या आलेल्यांसाठी बांधलेल्या इमारती. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होते. पुढचं सगळं दादाने केलं. माझगावच्या गोदीत फिटरचं काम करून, ओव्हरटाइम मारून त्याने मला कॉलेजात घातलं. नातेवाईक म्हणायचे, पोरीच्या जातीला एवढं शिकवून काय करणार? तर हा म्हणायचा, "माझी बाय बसून काम करील, उभ्याने नाही." तो मला बायच म्हणायचा.

इथे आल्यावर दादा रिगवर लागला. रिग म्हणजे विहीर खणायचा तो उंच लोखंडी मनोरा. चिखल, ग्रीस, पाइप ओढा, पाइप जोडा, असं बारा बारा तास. नोकरी हंगामी. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, क्वियूत. क्वियूत म्हणजे कायम होणं. एकदा ती मिळाली की कोणाचा बाप काढू शकत नाही, आजारपणात पगार मिळतो, म्हातारपणी पेन्शन. आमच्या घरांतून लोक क्वियूतबद्दल जेवढे बोलायचे तेवढे मुलीच्या लग्नाबद्दल बोलत नसत. दादाची मुदत चौसष्टच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी भरत होती. नवं कॅलेंडर आलं त्याच दिवशी वहिनीने त्या तारखेभोवती लाल पेन्सिलीने गोल काढून ठेवला, आणि येता-जाता तिकडे बघायची.

आता माझं काम काय ते सांगते. घाबरू नका, कठीण नाही. जमिनीला हजारो फूट खोल भोक पाडलं म्हणजे खाली काय आहे ते कळतं असं नाही. मग लॉगिंगची गाडी येते. तारेच्या टोकाला एक लांब नळकांडं बांधून ते तळापर्यंत सोडतात आणि वर ओढत आणताना ते दगडातून वीज किती सहज जाते ते मोजत येतं. त्याच्या रेघा लांबच लांब कागदाच्या पट्टीवर उमटतात. तो लॉग. खारं पाणी वीज जाऊ देतं, तेल जाऊ देत नाही. त्यामुळे उजवीकडची रेघ जिथे झोकात बाहेर पळते तिथे तेल असू शकतं. असू शकतं म्हणते, कारण गोडं पाणीही वीज धड जाऊ देत नाही. म्हणून एकट्या उजवीवर भरवसा ठेवायचा नाही, डावीकडची रेघ बघायची. वाळूत खारं पाणी असलं, तेलाच्या जोडीला थोडंसं जरी असलं, तरी डावी रेघ बाहेर झुकते. वाळू असूनही ती सरळसोट उभी राहिली तर समजायचं, गोडं पाणी. त्यानंतर मग गणित. दगडात पोकळी किती, पोकळीत पाण्याचा वाटा किती, उरलं ते तेल. सगळं स्लाइडरूलवर. मला त्या कामाचं वेड होतं.

आणि गंमत सांगू का, आम्ही मूळचे तेलीच. कोकणात आम्हांला शनिवार तेली म्हणत, कारण आम्ही यहुदी, शनिवारी आमचा घाणा बंद. अलिबागजवळ माझ्या आजोबांचा घाणा होता, तिळाचं आणि खोबऱ्याचं तेल काढायचे. बोटांत चोळून सांगायचे, यात भेसळ आहे की नाही. तेव्हा त्यांची नात दगडातलं तेल शोधते म्हटल्यावर आमच्या बिरादरीत सगळ्यांना कौतुक. मला तर फारच.

बासष्टच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एक विहीर डॉक्टरने निकालात काढली. "पाणी," असं लॉगवर लिहून पट्टी गुंडाळून ठेवली. मी ती सहज उलगडून बघितली आणि मला काही ते पटेना. त्या वाळूत मधेमधे मातीचे पापडासारखे पातळ थर होते. माती वीज जाऊ देते, आणि यंत्र बिचारं सगळ्याची सरसकट सरासरी दाखवतं. मी मातीचा वाटा बाजूला काढून एकेका फुटाचं गणित पुन्हा मांडलं. आठ दिवस जेवणाच्या सुटीत बसून केलं. तेल होतं. भरपूर नाही, पण होतं. तीन पानं इंग्रजीत लिहिली, आलेख काढला आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "बघतो."

बघितलं हो त्याने. घेऊन यरुशलेमला गेला, विहिरीची चाचणी मंजूर करून आणली, आणि तेल निघालं. मग ऑफिसच्या मोठ्या खोलीत सगळ्यांना जमवून भाषण ठोकलं. मागे भिंतीवर माझा आलेख टांगलेला. त्यावरचे आकडेसुद्धा माझ्या हातचे. ही युरोपातली माणसं सातच्या पोटात आडवी रेघ मारतात, मी मारत नाही. सगळे सात माझेच होते. आणि माझं नाव कुठे म्हणाल तर नाही. 'मला सुचलं', 'मी पाहिलं', 'मी मोजलं'. अर्धा तास नुसता मी, मी, मी.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उभी राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे गणित मी केलंय."

डॉक्टर हसला. रागावला असता तर परवडलं असतं, तो हसला. मग सगळ्यांकडे बघून हिब्रूत म्हणाला, "आमच्या होदीतला माफ करा. तिच्या देशात तेल नारळातून काढतात."

होदीत म्हणजे हिंदुस्थानी बाई. सगळे हसले. शिपायापासून इंजिनियरपर्यंत सगळे. मी कोणाकोणाचे दात बघितले ते अजून सांगू शकेन. आणि खरं सांगायचं तर लागलं ते अशासाठी की, ते खोटं नव्हतं. आमचे आजोबा नारळातूनच तेल काढायचे, आणि त्या मेल्याहून प्रामाणिकपणे काढायचे.

पुढच्या आठवड्यात माझं टेबल हलवलं. मला छपाईच्या खोलीत टाकलं. लॉगच्या प्रती काढायचं यंत्र होतं तिथे, अमोनियावर चालणारं. वासाने डोळ्यांना सारखं पाणी. बाहेरून जाणारे म्हणायचे, बिचारी रडते आहे. रडतेय कशाला, मेल्यांनो! मी उभी जळत होते. आणि दिवसभर उभीच, कारण त्या खोलीत खुर्चीच नव्हती.

दादाला कळलं तेव्हा त्याने हातातला घास खाली ठेवला. "मी जातो त्याच्याकडे. दोन शब्द बोलतो."

"तू कुठेही जायचं नाहीस," मी म्हटलं. "तुझी क्वियूत त्याच्याच सहीने होणार आहे. तुला माझ्या गळ्याची शपथ."

वहिनी म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. थोडे दिवस कळ काढू या." दादाने घास पुन्हा उचलला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, पण रोज घरी आला की आधी माझ्या लाल डोळ्यांकडे बघायचा आणि मग पोरांकडे. आणि मी? मी मूग गिळून बसले, पण वचपा काढायचा हे पक्कं ठरवलं. कसा काढायचा ते माहीत नव्हतं. वाट बघायची माझी तयारी होती.

आणि एक सांगते, छपाईच्या खोलीत टाकून त्याने एक चूक केली. प्रत्येक विहिरीचा प्रत्येक लॉग माझ्या हाताखालून जायचा. तो आठवड्याला एखादा बघायचा, मी सगळे बघायचे. दीड वर्षात त्या भागातल्या जमिनीची मला घरच्या फडताळासारखी माहिती झाली. कुठल्या थरात काय ठेवलंय ते डोळे मिटून सांगितलं असतं. पण मला विचारतो कोण?

चौसष्टच्या फेब्रुवारीत नव्या विहिरीचं काम सुरू झालं. दादा त्याच रिगवर. ही विहीर खूप खोल न्यायची होती. शेजारच्या लॉगांवरून माझा अंदाज होता की, तेल असलंच तर अगदी खालच्या थरात आहे. सगळ्यांना माहीत होतं की, मंजुरी या एकाच विहिरीची आहे. तेल निघालं तर रिग इथेच राहील, पुढच्या विहिरी होतील. नाही निघालं तर रिग उचलून नेतील आणि हंगामी माणसांना सलाम.

एके संध्याकाळी दादा घरी आला तो नखशिखान्त डिझेलमध्ये भिजलेला. वहिनीने दारातच अडवला. "अगबाई, हे काय! पोरं जवळ नका घेऊ, पेटाल सगळे."

जेवताना त्याने सांगितलं. वरच्याच एका वाळूच्या थरात पाइप अडकला होता. वर येईना, खाली जाईना. पाइप अडकला हे कळलं तर फोरमनची अब्रू जाते, म्हणून त्याने कोणाला न कळवता खणताना भोकात सोडतात त्या चिखलात डिझेलची पिंपं ओतायला लावली. डिझेलने पाइप सुटतो. सुटलाही. "रोजच्या कागदावर काही लिहायचं नाही म्हणाला," दादा हसून म्हणाला. "मला काय, मी ओतलं."

दोन दिवसांनी लॉगिंगची गाडी येऊन गेली आणि पट्टी माझ्या हातात छापायला आली. मी बघितलं, आणि यंत्राचं बटण दाबायचं विसरून गेले. त्याच वरच्या थरात उजवीकडची रेघ अशी बाहेर गेली होती की, पट्टीच्या कडेला जाऊन थडकली. आणि डावीकडची? सरळ. वर-खाली सगळीकडे आपली व्यवस्थित झुकतेय, वळतेय, आणि नेमकी तिथे दोरी टांगावी तशी सरळ. गोडं पाणी. शंकाच नको.

तेवढ्यात डॉक्टर स्वतः आत आला. एरवी त्या खोलीत पाऊल टाकायचा नाही, वास सहन व्हायचा नाही त्याला. पण त्या दिवशी चेहरा फुललेला. "झाली का प्रत?" पट्टी हातात घेऊन उजव्या रेघेवर बोट फिरवत राहिला. चिखलाबरोबर वर आलेल्या दगडाच्या भुग्याला तेलाचा वास येतोय, दिव्याखाली तो चमकतोय, असं आपणहून सांगायला लागला. अहो, येणारच वास! पिंपंच्या पिंपं डिझेल ओतलंय तिथे. डिझेलचा वास आणि जमिनीतल्या तेलाचा वास यांत फरक असतो, पण ज्याला तेलच हुंगायचं आहे त्याला कसला फरक?

मग त्याचं लक्ष डावीकडे गेलं. थबकला. मला वाटलं, संपलं, आता कळणार याला. पण तो म्हणाला, "ही रेघ बिघडलीय. रिगवर वेल्डिंग चालू असणार."

वेल्डिंगने रेघ थरथरते. खालपासून वरपर्यंत थरथरते. एकाच थरापुरती सरळ होऊन उभी राहत नाही. हे मला फोर्टातल्या ऑफिसात पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

तो माझ्याकडे वळला. दीड वर्षात पहिल्यांदा. "काय होदीत? तुला काय वाटतं? तेल?"

लक्षात घ्या, त्याने विचारलं. थट्टेने का होईना, विचारलं. माझ्या तोंडातून एक वाक्य जायचा अवकाश होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते सगळे दात आठवले. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हांला दिसतं ते मला कुठलं दिसायला?"

तो खूश होऊन हसला आणि गेला. मी बटण दाबलं आणि पाच प्रती काढल्या.

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी सगळा हिशोब मनाशी केला. हे मी लपवत नाही. तो वरच थांबणार, नळी बसवणार, भोकं पाडणार, चाचणी करणार. त्यातच सगळी मंजुरी संपणार. पाणी निघणार. खोल जायचं राहणार, रिग जाणार, दादा जाणार. घरी आले तर वहिनी भाकऱ्या थापत होती आणि समोर तो लाल गोल. नऊ आठवडे राहिले होते. मी स्वतःला समजावलं की, युनियन आहे, दुसऱ्या रिगवर घेतील, एवढी माणसं घेतात, तर दादासारखा फिटर का नाही घेणार? त्याचं काहीतरी होईलच. डॉक्टरची मात्र अशी वेळ पुन्हा येणार नाही. आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. जेवले, झोपले, मला छान झोप लागली.

पाच-सहा आठवडे त्या तयारीत गेले. डॉक्टरने 'जमिनीखालचा खजिना दाखवतो' म्हणून यरुशलेमहून मोठ्या साहेबांना बोलावलं. सकाळी दहाला दोन गाड्या आल्या. विहिरीजवळ टेबल मांडलं, पांढरा कागद अंथरला, संत्र्याचा रस, बिस्किटं. पहिलं तेल भरून पाहुण्याच्या हातात द्यायला काचेची एक बरणी घासूनपुसून ठेवली होती. शेजारच्या मोशावमधली, म्हणजे शेतकऱ्यांच्या वसाहतीतली माणसंही बघायला जमली. फोटोवाला आला. मी लॉगच्या प्रती वाटायचं निमित्त काढून गेले होते. नवा फ्रॉक घातला होता. कोणाला कळलं नाही का ते.

उपसायला सुरुवात झाली. आधी चिखल आला. डॉक्टर म्हणाला, हे असंच असतं. मग गढूळ पाणी. हेही असंच असतं म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता. अर्धा तास गेला. मग स्वच्छ पाणी यायला लागलं, नुसतं वाहायला लागलं. ऊन पडलं होतं, ते पाणी कसं चकाकत होतं! डॉक्टरच्या हातात ती बरणी तशीच. यरुशलेमचे साहेब घड्याळ बघत होते. फोटोसाठी घातलेला मफलर काढून त्याने मान पुसली. आणि माझ्या पोटात काय गार वाटलं म्हणून सांगू! लहानपणी उन्हातून आल्यावर आई माठातलं पाणी द्यायची, तेव्हा वाटायचं तसं. मी दीड वर्षाचं उट्टं त्या अर्ध्या तासात वसूल केलं. त्याने चुकून माझ्याकडे पाहिलं आणि मी हसले. दात दाखवून हसले.

ते सुख किती टिकलं? पाच मिनिटं. मोशावचा एक म्हातारा शेतकरी पुढे झाला, ओंजळ धरली, चव घेतली आणि ओरडला, "मायिम! गोडं पाणी!" त्याच्यामागून दुसरा धावला, तिसरा धावला. त्यांच्या विहिरी खारट होत चालल्या होत्या, संत्र्याच्या बागा जळत होत्या. माणसं डोकी भिजवायला लागली. एक बाई रडायला लागली. यरुशलेमच्या साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि तेही चव घ्यायला गेले. या देशात तेलाशिवाय चालत होतं, पाण्याशिवाय नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. सगळे लॉग वाचले, पण बागांकडे कधी बघितलंच नाही.

आणि डॉक्टर! अहो, त्या माणसाला दाद द्यायला हवी. एका मिनिटात त्याने ती बरणी पाण्याने भरली, साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "मी खजिना सांगितला होता. कसला ते सांगितलं नव्हतं." सगळे हसले. तेच दात! टाळ्या पडल्या. शुक्रवारच्या पेपरात फोटो, डॉक्टर मधे, हातात बरणी. वर्षाच्या आत बढती मिळून यरुशलेमला गेला. माझ्या नवसाचं हे फळ!

विहीर पाणीवाल्यांच्या ताब्यात गेली आणि रिग उतरवायला काढली. लाल गोलाला तीन आठवडे राहिले होते.

तरीही मी मनाशी म्हणाले होते तसंच झालं असतं. दादाच्या बरोबरच्यांना उत्तरेकडच्या दुसऱ्या रिगवर घेतलं, त्यांची मुदत तिकडे पुढे धरली. यादी लागली तेव्हा दादाचं नाव त्यात नव्हतं. मी म्हटलं, चूक झाली असेल, मी विचारते. दादा म्हणाला, "विचारू नको. मीच जाऊन आलोय."

"कोणाकडे?"

"डॉक्टरसाहेबांकडे."

झालं होतं असं की, पाणी निघाल्यापासून दादाला ते डिझेल खात होतं. आपण ओतलं, लिहिलं नाही, त्यामुळे तेलाचा वास आला आणि एवढा शिकलेला माणूस फसला, असं त्याच्या मनाने घेतलं. फोरमन तर कबूल होणार नव्हता. मग दादा टोपी हातात घेऊन गेला आणि सगळं सांगून आला. चूक आमची आहे, साहेब, म्हणाला. डॉक्टरला आणखी काय हवं होतं? तेलाचं काय झालं असं कोणी विचारलं तर सांगायला त्याला माणूस मिळाला. त्याने अहवालात लिहिलं, कामगाराने माहिती दडवली. दादाच्या नावावर काट मारली.

कॅलेंडर भिंतीवर तसंच होतं. दादाने एलातच्या बंदरात काम शोधलं, हमालीचं. वय बेचाळीस. बसने अख्खा दिवस लागायचा, म्हणजे महिन्यातून एकदा घरी. हे सगळं ठरेपर्यंत मी छपाईच्या खोलीत जात होते, प्रती काढत होते, घरी येत होते. रोज म्हणायचे, आज सांगते. आधी डॉक्टरला शिव्या द्यायचे मनातल्या मनात, पोटभर, आणि शिव्या संपल्या की बोलायचं धैर्यही संपायचं.

निघायच्या आदल्या दुपारी दादा पिशवी भरत होता. वहिनी खाली पोरांना घेऊन गेली होती. मी त्याचे शर्ट घडी करून देत होते. तो पाठमोराच म्हणाला, "बाय, एक विचारू? तुझ्या हातून तो लॉग गेला असेल ना?"

"गेला."

"त्यात दिसलं असतं का? पाणी आहे म्हणून? डिझेल ओतलं असलं तरी?"

मला कळलं तो काय विचारतोय. दिसलं असतं म्हटलं असतं, तर त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. चूक डॉक्टरची, वाचता न येणाऱ्याची, दादाची नाही. एवढं ऐकायला तो थांबला होता. पण मग पुढचा प्रश्न मला आला असता.

मी म्हटलं, "नाही. डिझेलने सगळं झाकलं होतं. कोणालाच दिसलं नसतं."

दादाने मान हलवली. "मला वाटलंच," म्हणाला. "नाहीतर तुला दिसलं असतंच की. आणि तुला दिसलं असतं, तर तू बोलली असतीस."

मी हो म्हटलं आणि त्याच्या हातात शर्ट दिला.